कार्ताझ ते बोर्डिंग पास : राईच्या खाडीकाठावरून प्रवासाच्या तयारीचा इतिहास

#थ्रेड

१/
भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे ओलांडत जातो. मिठागरे, कांदळवने, जुनी घरे, आणि उत्तरेला वसईची खाडी. खाडीपलीकडे वसईचा किल्ला. सुटीच्या हंगामात याच रस्त्याने पहाटेच्या अंधारात बॅगांनी भरलेल्या गाड्या विमानतळाकडे निघतात. निघण्यापूर्वी घरात एक यादी वाचली जाते : पासपोर्ट, तिकीट, परकीय चलन, लसीचा दाखला, आणि परदेशी मोटार भाड्याने घ्यायची असेल तर ड्रायव्हिंग परमिट. या यादीतील प्रत्येक ओळीला स्वतःचा इतिहास आहे. त्याचा एक आरंभ राईसमोरच्या या खाडीतच सापडतो.

२/
डिसेंबर १५३४. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या स्वारीच्या भीतीने बेजार झाला होता. समुद्राची बाजू तरी शांत राहावी म्हणून त्याने पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई, तिच्या अंमलाखालील बेटांसह, त्यांना देऊन टाकली. राईचा परिसरही असा पोर्तुगीजांकडे गेला. तहात एक कलम असे होते की, गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी आधी वसईस येऊन परवाना घ्यावा आणि परततानाही वसईसच येऊन जकात भरावी. पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांना दीव येथे किल्ला बांधण्याची मुभा मिळाली आणि ही व्यवस्था तिकडे वळली. तरी तहाच्या कागदावर का होईना, प्रवासाचा परवाना देणारे ठाणे म्हणून वसईचे नाव लागले ते असे.

३/
या परवान्याला पोर्तुगीज ‘कार्ताझ’ म्हणत. सोळाव्या शतकाच्या आरंभीच त्यांनी ही पद्धत अरबी समुद्रात रूढ केली होती. कार्ताझवर जहाजाचे नाव, तांडेलाचे नाव, जहाजाचा आकार, माणसे व हत्यारे किती, निघण्याचे व पोहोचण्याचे बंदर, असा तपशील असे. कोणता माल नेऊ नये हेही त्यात असे. मिरी आणि युद्धसामग्री ही त्यातली नेहमीची नावे. तुर्कांना जहाजावर घेण्यासही मनाई असे. समुद्रात पोर्तुगीज गलबताने अडवले आणि कार्ताझ नसला, किंवा कागदावरचा तपशील आणि जहाजावरची वस्तुस्थिती जुळली नाही, तर जहाज जप्त.

विमानतळावरचा अधिकारी आज पासपोर्टावरचे नाव आणि तिकिटावरचे नाव ताडून पाहतो. ही ताडून पाहण्याची रीत काही विमानांबरोबर जन्मली नाही.

४/
कार्ताझ किती जाचक होता याचे एक ठळक उदाहरण थेट मोगल घराण्यातले आहे. बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये घराण्यातील इतर स्त्रियांसह हजला निघाली. हिंदुस्थानच्या बादशहाची आत्या, पण सुरतेस पोहोचल्यावर पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी या मंडळींना दीर्घकाळ तिष्ठत बसावे लागले. जहाज सुटले ते १५७६ च्या ऑक्टोबरात. जमिनीवर अकबराची हुकमत होती, समुद्रावर नव्हती.

त्या काळच्या धर्मपंडितांनी आणखी एक प्रश्न उपस्थित केला होता. कार्ताझवर मेरी आणि येशू यांच्या प्रतिमांचे शिक्के असत. असा कागद जवळ बाळगून हजला जावे का? बदायुनीने या वादाची नोंद ठेवली आहे. कागद घेतला तर धर्म अडतो, न घेतला तर जहाज अडते, अशी ती कोंडी होती.

५/
आणि कागद असूनही उपयोग झाला नाही, असेही घडले. ‘रहिमी’ हे त्या काळचे हिंदुस्थानातील अतिशय मोठे जहाज. त्याची मालकी जहांगीरची आई मरियम-उज्-जमानी हिच्याकडे होती. १६१३ मध्ये यात्रेकरू आणि अमाप संपत्ती घेऊन ते सुरतेस परतत असताना पोर्तुगीजांनी ते पकडून गोव्यास नेले. जहाजावर रीतसर कार्ताझ होता. इंग्रजांना सुरतेत व्यापाराची सवलत मिळत असल्याचा राग पोर्तुगीजांनी असा काढला. जहांगीरने उत्तरादाखल सुरतेतील त्यांचा व्यापार बंद पाडला आणि दमणवर फौज धाडली.

परवान्याचे मोल तो देणाऱ्याच्या शब्दाइतकेच असते, हे त्या यात्रेकरूंना भर समुद्रात कळले. पुढच्या तीनशे-साडेतीनशे वर्षांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली.

६/
मराठ्यांनी ही विद्या लवकर आत्मसात केली. कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना आपले दस्तक घेण्यास भाग पाडले. पोर्तुगीज जे करत होते तेच आंग्रे करत होते. फरक इतकाच की, आंग्रे यांचे दस्तक नाकारणाऱ्या इंग्रजांनी त्यांना ‘चाचा’ ठरवले, आणि ते विशेषण पुष्कळ इंग्रजी ग्रंथांत तसेच छापले गेले. सत्ता आपली असली की परवाना, दुसऱ्याची असली की चाचेगिरी!

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत राईजवळचे धारावीचे ठाणे आणि नंतर वसई मराठ्यांकडे आली. खाडीच्या दोन्ही तीरांवर आता मराठ्यांचा अंमल सुरू झाला.

७/
जमिनीवरच्या प्रवासाची तयारी निराळी होती. वाटेवर जकातीचे नाके, त्यासाठी दस्तक. चोरांच्या भीतीने सोबत, म्हणजे मोठा जथा किंवा हत्यारबंद माणूस. आणि रोकड जवळ बाळगण्याऐवजी हुंडी. पुण्याच्या सावकाराकडे पैसे भरायचे, त्याची चिठ्ठी घेऊन काशीच्या पेढीवर ते उचलायचे. आजच्या ‘फॉरेक्स कार्डा’चे काम ती चिठ्ठी करत असे. चिठ्ठी चोरीला गेली तरी चोराला तिचा सहजासहजी उपयोग नसे.

८/
हुंडीची सोय ज्यांना नव्हती त्यांचे हाल पाहायचे तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हाताशी आहे. कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी, या हेतूने १८५७ मध्ये हा तरुण भिक्षुक काकांसह ग्वाल्हेरच्या दिशेने निघाला. महूच्या आसपास असतानाच उठावाची वार्ता आली. पुढे झाशीचा वेढा आणि नंतरची कत्तल त्याने डोळ्यांनी पाहिली. मिळवलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली. अखेर तो घरी परतला तो आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. हे पुस्तक चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले.

या पुस्तकाकडे बहुतेक वाचक राणी लक्ष्मीबाईंसाठी वळतात. परंतु प्रवासाच्या तयारीचा दस्तऐवज म्हणूनही ते वाचण्यासारखे आहे. सगळी पुंजी अंगावर आणि एकाच ठिकाणी, ही गोडसे भटजींची लाचारी होती. आजच्या प्रवाशाला तशी लाचारी नाही. दोन निरनिराळी कार्डे दोन निरनिराळ्या पिशव्यांत, थोडी रोकड तिसरीकडे, आणि कागदांच्या प्रती घरच्या माणसाकडे, एवढी वाटणी सहज करता येते.

९/
लोहमार्ग आला, भाईंदरला स्थानक झाले, आणि दस्तकाची गरज उरली नाही असे वाटू लागले. तोच १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. रेल्वे स्थानकांवर उतारूंना उतरवून तपासणे, संशयितांना अडकवून ठेवणे, त्यांचे सामान धुरी देऊन शुद्ध करणे सुरू झाले. त्याच वर्षी मुंबई आणि कराची बंदरांतून हजला जाण्यास मनाई झाली. दुसरीकडे, डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली प्लेगची लस मुंबईतच प्रथम स्वतःला टोचून घेतली.

आता प्रवाशाला तो कोण आहे यासोबत तो कुठून आला आणि अंगात काय घेऊन आला, हेही विचारले जाऊ लागले.

१०/
हा प्रश्न अजून गेलेला नाही. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशांत सहलीस जाणाऱ्यांना त्याचा अनुभव येतो. भारतात पीतज्वर नाही. पण तो पसरवणारा एडीस डास आहे, आणि लस न घेतलेली माणसेही आहेत. रोग एकदा शिरला तर काय होईल, या धास्तीने भारताचा नियम कडक आहे. त्या देशांतून लसीच्या दाखल्याविना परतणाऱ्याला, मग तो भारतीय नागरिक का असेना, सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते.

दाखला लस घेतल्यापासून दहाव्या दिवसानंतर ग्राह्य होतो. म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. २०१६ पासून एकदा घेतलेल्या लसीचा दाखला आयुष्यभर चालतो. लस केवळ अधिकृत केंद्रांतच मिळते आणि तिथे आधी वेळ ठरवावी लागते. केनियाची सफारी ठरवताना तिकिटाच्या आधी ही तारीख ठरवावी.

११/
आता पासपोर्टाकडे. पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील बऱ्याच भागांत सामान्य प्रवासी पासपोर्टाविना हिंडत असे. युद्धाने ते बदलले. हिंदुस्थानातही युद्धकाळातील नियमांनी पासपोर्ट आवश्यक झाला आणि १९२० च्या कायद्याने हिंदुस्थानात प्रवेश करण्यासाठी तो कायमचा बंधनकारक करण्याची सोय झाली. युद्ध संपले, तरी कागद राहिला.

या नव्या कागदाचा फटका बसलेल्यांत सर्वांत मोठे मराठी नाव लोकमान्य टिळकांचे.

१२/
१९१८ च्या वसंतात टिळक होमरूलचे शिष्टमंडळ घेऊन इंग्लंडला निघाले. चिरोलवरचा अब्रुनुकसानीचा दावाही लंडनमध्येच चालायचा होता. पासपोर्ट मिळाले होते. मंडळी मद्रासमार्गे कोलंबोला पोहोचली. तिथे त्यांना कळले की, लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने त्यांचे पासपोर्ट रद्द केले आहेत. खिशात वैध कागद, पुढे समुद्र, आणि परत फिरण्याचा हुकूम. ‘रहिमी’च्या यात्रेकरूंची आठवण इथे व्हावी.

पुढे त्याच वर्षी टिळकांना पुन्हा पासपोर्ट मिळाला तो दाव्याच्या कामासाठी, आणि राजकीय चळवळीपासून दूर राहण्याच्या अटीवर. कार्ताझमध्ये मिरी नेण्यास मनाई असे. या कागदात भाषणांना मनाई होती.

१३/
या प्रकरणात राईच्या शेजारचेही एक नाव येते. टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष बॅरिस्टर जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा. त्यांचा जन्म १८६४ मध्ये माझगावच्या माथारपाखाडीत झाला, पण वडील मूळचे उत्तनचे, म्हणजे राईवरून जाणारा रस्ता जिथे समुद्राला भिडतो तिथले. टिळक कोलंबोहून परत फिरवले गेले, तेव्हा त्यांच्या आधी इंग्लंडात गेलेले बाप्टिस्टा मजूर पक्षाच्या मंडळींशी संधान बांधून होमरूलचा प्रचार करत होते. पुढे १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले.

१४/
जहाजांनंतर विमाने. यातली एक गोष्ट तरुण वाचकांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

१९३० च्या स्पर्धेसाठी आगा खान यांनी इंग्लंड-हिंदुस्थान हे अंतर एकट्याने विमान चालवून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. स्पर्धेत उतरले तिघे : मनमोहन सिंग, जे. आर. डी. टाटा आणि अस्पी इंजिनिअर. अस्पी तेव्हा जेमतेम सतराचा. तो इंग्लंडहून इकडे येत होता, टाटा इकडून तिकडे निघाले होते. इजिप्तमध्ये अबुकीरच्या धावपट्टीवर टाटा उतरले तर अस्पी तिथे अडकून पडलेला. विमानाचा स्पार्क प्लग बिघडला होता आणि त्याच्याकडे सुटा प्लग नव्हता. टाटांकडे होते. त्यांनी प्रतिस्पर्ध्याला ते देऊन टाकले. अस्पीने कृतज्ञतेने आपले जीवरक्षक जाकीट त्यांना दिले. स्पर्धा अस्पीने जिंकली. तीस वर्षांनी हाच तरुण भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

टाटांच्या दिलदारीसाठी ही गोष्ट सांगितली जाते, ते योग्यच. पण तिची दुसरी बाजू अशी की, एका लहानशा सुट्या भागावाचून हजारो मैलांची मोहीम थांबली होती.

१५/
१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला विमान उतरवले. जुहूचा तळ सखल, दलदलीचा. पावसाळ्यात तो पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत सेवा पुण्याला हलवावी लागे. मुंबईच्या विमानसेवेने पावसापुढे मान तुकवण्याची परंपरा म्हणजे सेवेइतकीच जुनी आहे. जून ते सप्टेंबरात राईहून निघणाऱ्याने रस्त्यावरचे पाणी आणि महामार्गावरची कोंडी दोन्ही हिशेबात धरून निघावे. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचण्याची सूचना असते, ती विमानतळाच्या दाराशी पोहोचण्याची. घरातून निघण्याची नव्हे.

१६/
८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. प्रवासी ३५. भारतीय विमान आता युरोपास जाऊ लागले, पण भारतीय प्रवाशाचा खिसा मात्र बांधलेला होता. १९४७ च्या परकीय चलन नियमन कायद्याने डॉलर-पौंडांची चणचण सांभाळण्यासाठी प्रवासावर निर्बंध आले. परदेशी जाण्यासाठी रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ मंजूर व्हावा लागे. खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेत उतरलेल्या विद्यार्थ्यांच्या आठवणी अनेक मराठी कुटुंबांत अजून सांगितल्या जातात.

२००० मध्ये ‘फेमा’ कायदा अमलात आला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना आणली, तेव्हा वार्षिक मर्यादा २५,००० डॉलर होती. २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर आहे.

१७/
चलन सैल होण्याच्या कितीतरी आधी पासपोर्टाचा प्रश्न न्यायालयात सुटला, आणि हा या थ्रेडमधला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे.

स्वातंत्र्यानंतर वीस वर्षे पासपोर्ट द्यावा की नाही, हे ठरवणारा कायदाच नव्हता. सरकारच्या मर्जीवर तो मिळे आणि मर्जीवरच काढून घेता येई. नागरिकाला परदेशी जाण्याचा हक्क आहे, असा कौल मुंबई उच्च न्यायालयाने दिला. दिल्ली उच्च न्यायालयाचे मत उलट पडले. अखेर सतवंतसिंग साहनी या व्यावसायिकाच्या खटल्यात १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निर्णय दिला : परदेशी प्रवास हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि कायद्यावाचून तो हिरावता येणार नाही. सरकारला घाईने कायदा करावा लागला. तोच १९६७ चा पासपोर्ट कायदा.

१८/
दहा वर्षांनी, जुलै १९७७ मध्ये, मनेका गांधी यांचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ जप्त झाला. कारणे विचारली असता ती सांगण्यास सरकारने नकार दिला. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, केवळ कायदा असणे पुरेसे नाही. त्यातली पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. आज स्वच्छ पर्यावरणापासून खासगीपणापर्यंत कितीतरी हक्कांच्या खटल्यांत या निकालाचा आधार घेतला जातो. त्याचे मूळ एका जप्त पासपोर्टात आहे.

कोलंबोच्या बंदरात टिळकांना विचारण्याची सोय नव्हती तो प्रश्न, ‘का?’, आता नागरिक विचारू शकतो.

१९/
विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीचा इतिहास मात्र दुःखाचा आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ अटलांटिकवर बॉम्बस्फोटाने कोसळले, ३२९ जण मृत्युमुखी पडले. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती विमानात चढवली गेली होती, तिचा मालक चढलाच नव्हता. प्रवासी न आल्यास त्याचे सामान उतरवलेच पाहिजे, हा दंडक त्यानंतर जगभर कडक झाला. ऐनवेळी गायब झालेल्या प्रवाशामुळे विमान अर्धा तास खोळंबते तेव्हा चिडणाऱ्याला हे ठाऊक असावे. हातातल्या सामानात द्रवपदार्थ १०० मिलिलिटरच्या आत, हा परदेशी विमानतळांवरचा नियम ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला उघडकीस आलेल्या कटानंतरचा. लोणच्याची बरणी आणि तुपाचा डबा म्हणूनच चेक-इन बॅगेत जावा. पॉवर बँक मात्र उलट : ती हातातल्या पिशवीतच, कारण लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर तो सामानाच्या कप्प्यात कोणाला दिसणार नाही.

२०/
नावाविषयी थोडे विस्ताराने, कारण मराठी माणूस इथेच जास्त अडखळतो. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव ही त्रिपदी आपल्याकडे स्वाभाविक. पासपोर्टात मात्र दोनच रकाने : दिलेले नाव आणि आडनाव. मधले नाव कुणाच्या पासपोर्टात आहे, लायसन्सवर नाही. क्रेडिट कार्डावर केवळ आद्याक्षर आहे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांचे अर्धे कागद माहेरच्या नावाचे. तिकीट काढताना पासपोर्टातले नाव अक्षर न अक्षर उतरवावे. परदेशी मोटार घेणार असाल तर ज्याच्या नावाची नोंदणी, त्याचेच लायसन्स आणि त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड असावे. कार्ताझवरचा तांडेल आणि जहाजावरचा तांडेल एकच असावा लागे, तसेच हे.

पासपोर्टाची मुदत परतीच्या तारखेपुरती असून भागत नाही. पुष्कळ देश प्रवेशावेळी सहा महिन्यांची शिल्लक मुदत मागतात.

२१/
आता मोटार. एका देशाचा चालक दुसऱ्या देशात गाडी चालवू लागला तेव्हा युरोपातील राज्यांनी १९०९ मध्ये पॅरिसला करार केला. त्याची जागा पुढे १९४९ च्या जिनिव्हा कराराने घेतली. भारत त्यात १९६२ मध्ये सामील झाला. भारताचे आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, अर्थात आयडीपी, त्या करारानुसार दिले जाते. ते स्वतंत्र लायसन्स नव्हे; मूळ लायसन्सचा अनेक भाषांतला उलगडा आहे. म्हणून मूळ लायसन्स सोबत हवेच.

परमिट आरटीओ देते, त्याची मुदत एक वर्षाची, आणि मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तिथवरच. २०२२ च्या नियमांनी देशभर त्याचा नमुना एकसारखा झाला आणि त्यावर क्यूआर कोड आला. ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ म्हणून इंटरनेटवर पैसे घेऊन मिळणाऱ्या रंगीत पुस्तिकांना कायद्याने किंमत नाही. जपान केवळ १९४९ च्या करारानुसार दिलेले परमिट मान्य करते, त्यामुळे भारतीय परमिट तिथे चालते. १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारच परमिट देणाऱ्या काही युरोपीय देशांच्या नागरिकांना तिथे वेगळे उपाय करावे लागतात. कधी कधी जुन्या करारात राहिल्याचा असाही लाभ होतो.

२२/
मोटार भाड्याने देण्याचा धंदा अमेरिकेत वाढला. १९१८ मध्ये शिकागोत वॉल्टर जेकब्स याने बारा फोर्ड गाड्यांवर तो सुरू केला. पुढे त्यातूनच ‘हर्ट्झ’ उभी राहिली. अनोळखी माणसाच्या हाती गाडी सोपवायची तर हमी हवी, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा. त्याचे आजचे उत्तर म्हणजे क्रेडिट कार्डावर रोखून धरलेली रक्कम. ती खर्च होत नाही, पण परत मोकळी होईपर्यंत कार्डाची मर्यादा तेवढी कमी होते, आणि सुटीच्या मध्यावर हॉटेलचे बिल अडते. गाडी ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र, इंधनाचा काटा, आणि विम्यातून स्वतःच्या वाट्याला किती रक्कम येते, हे तीन तपशील तिथेच पाहून घ्यावेत.

२३/
भारतात स्वतः चालवण्यासाठी गाडी भाड्याने देणे कायद्याच्या चौकटीत आले ते १९८९ च्या ‘रेंट-अ-कॅब’ योजनेने. परवान्यासाठी किमान ५० गाड्या असाव्यात, अशी अट होती. अशा गाड्यांची पाटी काळी, अक्षरे पिवळी. गोव्याच्या रस्त्यांवर ती जागोजाग दिसते. पांढरी पाटी असलेली खासगी गाडी कुणी भाड्याने देऊ केली, तर ती स्वस्त असली तरी अपघातानंतर विमा कंपनी हात झटकू शकते. पाटीचा रंग पाहण्यास दोन सेकंद लागतात.

२४/
गोव्याचा उल्लेख आला म्हणून शेवटचा टप्पा. १९५५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रातून गोव्यात जाणे हा परदेश प्रवासच होता. भारताने नाकेबंदी केली होती आणि सीमा ओलांडण्यासाठी परवाना लागे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रही कोणताही कागद न घेता पुढे सरकले. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. अनेक जण तिथेच पडले. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले. वसईत परवान्याचे कलम लिहून घेणारी सत्ता चारशे सत्तावीस वर्षांनी या किनाऱ्यावरून हटली.

राईहून मोटारीने निघालेले कुटुंब आज बांद्यानंतर त्याच पत्रादेवीला पोहोचते. तिथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवलीच तर तो मागतो लायसन्स, नोंदणी, विमा आणि पीयूसी. कुठून आलात आणि कशासाठी, याचा परवाना कुणी मागत नाही.